कुलरची चार बोटं फट

जळगावच्या उन्हाळ्याबद्दल मी काही सांगत बसत नाही. ज्यानं काढलाय त्याला माहीत आहे, आणि ज्यानं नाही काढला त्याला सांगून पटत नाही. एवढंच सांगते, की पिंप्राळ्याच्या आमच्या गल्लीत पहिला कुलर आमच्याकडे आला, आणि त्याचा मला जेवढा ताठा होता तेवढाच तो पुढे माझ्या गळ्याशी आला.

सासरे वारले आणि सासूबाई असोद्याचं घर बंद करून आमच्याकडे राहायला आल्या. पहिल्याच उन्हाळ्यात त्यांना दोनदा भोवळ आली. मग आमच्या ह्यांनी कुलर बनवून घेतला. हो, बनवूनच. तेव्हा दुकानातनं खोक्यात येणारे कुलर आमच्यासारख्यांना कुठले? पत्र्याची पेटी, तीन बाजूंना वाळक्या गवताच्या ताट्या, खाली पाणी, आत पंखा. बोळाकडच्या भिंतीत चौकोनी भोक पाडायचं, बाहेर लोखंडी स्टँड उभा करायचा आणि त्यावर ती पेटी ठेवायची. तोंड घरात, बाकी सगळं अंग बाहेर.

भिंतीचं माप ह्यांनी स्वतः घेतलं. हे कचेरीत कारकून. आयुष्यभर दुसऱ्याच्या कागदातल्या चुका काढल्या, त्यामुळे आपली चूक असू शकते हे ह्यांच्या गावीच नव्हतं. गवंड्यानं भोक पाडलं, कुलर लावला, तर उजव्या अंगाला चांगली चार बोटं फट राहिली. गवंडी म्हणाला, "साहेब, भोक मोठं झालं. दोन विटा लावून बुजवून टाकू का?"

"राहू दे," हे म्हणाले. "हवा खेळायला मुद्दाम ठेवलंय."

गवंडी माझ्याकडे बघून हसला. मीही पदराआड हसले. तेव्हा हसण्यासारखंच होतं ते.

आमच्या बोळाच्या पलीकडे एका शाळामास्तरांचं घर. मधे भिंत नव्हती, नुसते तारेचे दोन पदर ओढलेले होते. मास्तरांची बायको माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठी, चाळीसगावकडची. सगळी गल्ली तिला ‘सरांच्या बाई’ म्हणायची, मी अक्का म्हणायचे. ती मला वहिनी म्हणायची, पण रंगात आली की ‘अगं ए’. ती बौद्ध घरातली आणि आम्ही असोद्याचे केळीवाले. हे मी सांगितलं नसतं, पण पुढे जे झालं त्यात ते होतंच. नव्हतं म्हटलं तर मी पुन्हा खोटं बोलल्यासारखं होईल.

मी चौथी शिकलेली. तीही कशीबशी. अक्का मॅट्रिक. मास्तर शाळेतनं गोष्टीची पुस्तकं आणायचे आणि ती दुपारी तांदूळ निवडता निवडता मला वाचायला लावायची. मी अडखळले की तांदळातला खडा माझ्यावर फेकायची. "जोडाक्षर आलं की तुझी बैलगाडी चिखलात का गं रुतते?" असं म्हणायची. माहेरी पहिलं पत्र मी माझ्या हातानं लिहिलं ते तिच्या ओट्यावर बसून. चहाही तिथंच व्हायचा. मी घरी आल्यावर सासूबाई विचारायच्या, "काही घेतलं का तिथी?" आणि मी म्हणायचे, "नाही हो, नुसती बसले होते." तेव्हापासूनच मला खोटं सोपं जात होतं, बघा.

उन्हाळा असेपर्यंत त्या फटीनं काही त्रास दिला नाही. पंखा चालू, ताट्या ओल्या, कोण येतंय तिथं? पावसाळ्यानंतर कुलर बंद झाला. हे म्हणाले, काढून ठेवू, पण काढला नाही. गवत वाळून ऊबदार झालं. आणि दिवाळी झाल्यावर आमच्या मागच्या शेतातली ज्वारी निघाली. तेव्हा पिंप्राळ्यात घरामागे शेतंच होती. शेत मोकळं झालं की त्यातले उंदीर कुठं जाणार? त्यांना समोर आमचं कुलरचं घर दिसलं. पेटीत गवताचं अंथरूण, आणि शेजारी चार बोटं रुंद दरवाजा थेट माझ्या घरात.

पहिल्यांदा साबणाची वडी गेली. मग कपाटातलं माझं पोलकं, बरोबर काखेत कुरतडलेलं. मग तांदळाच्या डब्याचं झाकण एका बाजूनं उचललेलं आणि आत काळ्या लेंड्या. मी फटीत बारदान कोंबलं, तर त्यांनी बारदानाचे धागे काढून आपल्या घरट्यात नेले. फिनेल ओतलं, डांबराच्या गोळ्या ठेवल्या. एक फळकुट आणून दोरीनं बांधलं, तर त्याचा कोपरा चार दिवसांत पोखरला. पिंजरा लावला, त्यात एक आला आणि बाकीच्यांनी त्याच्याकडे बघून दुसऱ्या वाटा धरल्या. शेजारच्या गल्लीतलं मांजर आणलं होतं, ते दूध पिऊन निघून गेलं.

अक्का तारेपलीकडून हे सगळं बघायची आणि तिच्या माहेरच्या बोलीत चिडवायची, "वहिनी, बठ्ठा उंदीर तुमनाच घर येतस का वं? आमना घर काय खावाले भेटत नही त्यासले?" बठ्ठा म्हणजे सगळे.

"तुमच्याकडे कुलर नाही ना," मी म्हणायचे. "आमचे पाहुणे थंड हवेचे आहेत."

ह्यांना मी रोज सांगायचे, "जाळी आणा हो. बारीक लोखंडी जाळी आणि घमेलंभर सिमेंट. एवढंच काम आहे."

"रविवारी आणतो."

"मागच्या रविवारीही हेच म्हणालात."

"मग काय करू? कचेरी सोडून उंदरांमागे धावू? आणि फट काही माझी नाही. भिंत बसलीय ती."

भिंत बसली म्हणे! नव्या घराची भिंत सहा महिन्यांत नेमकी चार बोटं आणि नेमकी कुलरशेजारी बसली. मी काय म्हणत होते ते त्यांना कळत होतं. पण जाळी लावायची म्हणजे गवंडी बोलवायचा, तोच गवंडी, आणि तो पुन्हा हसणार. ह्यांना उंदीर चालत होते, गवंड्याचं हसू चालत नव्हतं.

मग एके दिवशी सकाळी सासूबाई उठल्या तर अंथरुणावर रक्ताचे ठिपके. त्यांच्या टाचांना मोठाल्या भेगा. झोपेत उंदरानं त्या भेगांच्या कडा कुरतडल्या होत्या. पाय बधिर, त्यामुळे बाईंना कळलंसुद्धा नाही. हे मात्र खरंच भयंकर होतं. मी हळद भरली, फडकं बांधलं. दुपारी हे जेवायला आले तेव्हा सासूबाईंनी ह्यांना जवळ बोलावलं, दाराकडे बघितलं, कुलरकडे बघितलं आणि तोंडावर पदर धरून खुणेनं सांगितलं, ‘ते’ घेऊन ये.

आता इथं मला थोडं थांबून सांगावं लागेल, नाही तर पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे उंदराच्या औषधाचं नाव घरात घेत नाहीत. उंदरांना माणसाचं बोलणं कळतं, असं सासूबाईंच्या पिढीत सगळ्या बायका धरून चालत. तुम्ही मोठ्यानं म्हणालात की आज औषध ठेवते, तर ते ऐकतात, औषधाला तोंड लावत नाहीत आणि वर सूड घेतात. असोद्यात सासूबाईंच्या जावेनं एकदा पंगतीत सांगून टाकलं होतं, तर म्हणे दुसऱ्या दिवशी तिच्या लग्नातल्या शालूची चाळण झाली होती, आणि ट्रंकेत शेजारी ठेवलेल्या सासूबाईंच्या लुगड्याला दातही लागला नव्हता. त्यामुळे औषध आणायचं ते खुणेनं, भिजवायचं ते मुक्यानं, आणि ठेवल्यावर कुणी विचारलं तर भलतंच काही सांगायचं. बाहेरच्याला तर अजिबात सांगायचं नाही. "येका कानातून दुसऱ्या कानात गेलं की त्याईले समजतं," असं सासूबाई म्हणायच्या.

तुम्ही विचाराल, मी मानत होते का हे? खरं सांगते, नव्हते मानत. पण न मानणं आणि न पाळणं यात फार अंतर असतं.

ह्यांनी काळ्या पुडीचं पाकीट आणलं. सासूबाईंनी बाजरीच्या पिठात गूळ आणि तेल घालून ती पूड मळली. सुपारीएवढ्या गोळ्या केल्या आणि माझ्या हातात ताटली दिली. बोट नुसतं कुलरकडे दाखवलं. संध्याकाळ व्हायची होती, अजून चांगलं ऊन होतं. मी बोळात गेले. थोड्या गोळ्या फटीत सरकवल्या आणि बाकीच्या बाहेर स्टँडवर, पेटीच्या खाली मांडल्या.

अक्का तिच्या अंगणात मुलीला कडेवर घेऊन उभी होती. मुलगी दहा महिन्यांची. अक्काच्या अंगावर दूध नव्हतं, आणि गाईम्हशीचं पोरीला पचत नव्हतं. म्हणून तिच्या आईनं चाळीसगावकडून एक दुभती बकरी आणून दिली होती. तांबडी, कानावर पांढरा पट्टा. त्या बकरीच्या दुधावर पोरगी बाळसं धरायला लागली होती. बकरी बोळातच, तारेच्या पलीकडे खुंट्याला असायची.

"काय शे वं ताटलीमा?" अक्कानं विचारलं.

मी तोंड उघडलं. मला आठवतं, ‘अक्का, बकरी आत बांध’ एवढंच म्हणायचं होतं. औषधाचं नाव घ्यायचीही गरज नव्हती. नुसती हातानं खूण केली असती तरी तिला कळलं असतं, ती काही विलायतेतून आलेली नव्हती. पण कुलरशेजारच्या फटीतून सासूबाईंचा चेहरा दिसत होता. आतून त्या माझ्याकडेच बघत होत्या.

"काही नाही," मी म्हणाले. "चाणीला भाकरी टाकते." चाणी म्हणजे खारूताई. आमच्या बोळात होत्या दोन.

"उंदीर झाले, आता चाणी पाळ," अक्का हसून म्हणाली आणि आत गेली.

बोळापलीकडे भावकीतली बाई असती, असोद्याची असती, तर मी खूण केली असती का? हा प्रश्न मी स्वतःला इतक्या वेळा विचारलाय की त्याचं उत्तर गुळगुळीत झालंय. केली असती. सासूबाईंनीच केली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी भरत होते तेव्हा अक्काचा आवाज ऐकला. बकरीनं दाव्याला हिसके देऊन खुंटा उपटला होता आणि तारेखालून इकडे आली होती. मागच्या पायांवर उभं राहून कुलरच्या ताटीचं गवत ओढायची तिला सवयच होती, आम्ही आधी त्याच्यावर हसलोही होतो. आता ती बोळात आडवी पडली होती. पोट टम्म फुगलेलं, दात करकर वाजत होते, पाय झाडत होती. मास्तर सायकलवर ढोरांच्या डॉक्टरला आणायला पळाले.

मी घरात आले तर सासूबाई मोरीत होत्या. स्टँडवरच्या उरलेल्या गोळ्या त्यांनी माझ्याआधी उचलून आणल्या होत्या आणि त्या हातानं चोळून पाण्याबरोबर सोडत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "दार लाव."

डॉक्टर आले तोवर बकरी गेली होती. गल्ली जमली. डॉक्टरांनी बकरीचं तोंड उघडलं, वास घेतला आणि म्हणाले, "लसणासारखा वास येतोय. उंदराचं औषध खाल्लंय हिनं."

अक्का खाली बसली होती, ती उठली. तिचे डोळे कोरडे होते. तारेजवळ आली आणि मला म्हणाली, "वहिनी, काल तुम्ही स्टँडवर काय ठेवलं होतं?"

तिनं आरोप केला नव्हता. विचारलं होतं. आणि मी खरं सांगितलं असतं, तर ती भांडली असती, रडली असती, दोन महिने बोलली नसती, पण तिच्या खरेपणाला काही झालं नसतं. आता मला हे दिसतं. तेव्हा मला फक्त माझ्या मागे उभ्या असलेल्या सासूबाई आणि ओट्यावर उभे असलेले हे दिसत होते.

"भाकरीचे तुकडे होते," मी म्हणाले.

"आमच्या घरात उंदराचं औषध आणतच नाही आम्ही," हे वरून म्हणाले. इतक्या शांतपणे, की मलाच क्षणभर खरं वाटलं.

सासूबाई पुढे आल्या. "चाणीले भाकर टाकनं पाप झालं का व माय? वस्तीत बकरी बांधाले आम्ही सांगतली होती का? उकिरड्यात तोंड घालत फिरते, कुठी काय खाल्लं कोनाले माहीत?"

अक्का माझ्याकडेच बघत होती. बाकी कुणाकडे नाही. मग म्हणाली, "बरं." आणि वळून गेली.

मला वाटलं, संपलं. बकरी गेली, वाईट झालं, चार दिवसांत निवळेल. पण सुरुवात तिथून झाली. गल्लीला एक गोष्ट हवी असते, आणि आम्ही ती आयती दिली होती. नळावर बायका म्हणायला लागल्या, सरांच्या बाईंनी शेजाऱ्यांवर आळ घेतला. मग म्हणायला लागल्या, भरपाई उकळायचा डाव होता. एक तर माझ्यासमोर म्हणाली, "त्या लोकांना काय, जरा काही झालं की आमच्यावर अन्याय झाला म्हणून ओरड." मी घागर उचलली. घागर भरली नव्हती अजून, तरी उचलली.

घरात मी ह्यांना म्हणाले, "मी जाऊन सांगून येते."

"वेड लागलंय का?" हे म्हणाले. "केस करतील. त्यांच्या बाजूनं कायदा आहे आता. माझी नोकरी जाईल."

"अक्का केस करेल असं वाटतं तुम्हाला? आपल्या पोरांना गोवर आला तेव्हा रात्रंदिवस इथं बसली ती."

"ती नाही करणार, तिच्या मागचे करतील."

आणि सासूबाई म्हणाल्या, "झालं ते झालं. मेलेली बकरी काही उठत नही." त्यांचं एवढं बरोबर होतं.

मी काय केलं? तिसऱ्या दिवशी लोटाभर म्हशीचं दूध घेऊन अक्काच्या दारात गेले. पोरगी तिच्या मांडीवर किरकिरत होती. मी लोटा पुढे केला. म्हटलं, पोरीला घ्या.

"हिला म्हशीचं पचत नाही, वहिनी," ती म्हणाली. "तुम्हाला माहीत आहे."

मला माहीत होतं. मग मी ते दूध कशाला नेलं होतं? मला वाटतं, ती ओरडावी म्हणून नेलं होतं. ती ओरडली असती तर मला रडता आलं असतं, आणि रडता रडता कदाचित खरं निघून गेलं असतं. पण ती ओरडली नाही. मी लोटा घेऊन परत आले. पोरीला त्या महिन्यात जुलाब लागले, आठवडाभर दवाखान्यात ठेवलं होतं. वाचली. देवाची कृपा म्हणणार होते, पण माझ्या तोंडून ते बरं दिसत नाही.

आणि पुढच्या रविवारी सकाळी हे बाजारात गेले आणि जाळी घेऊन आले. सिमेंटही आणलं. तोच गवंडी आला. त्यानं फटीत काचेचे तुकडे घालून सिमेंट भरलं, वरून बारीक जाळी ठोकली, ताट्यांच्या बाहेरून दुसरी जाळी बसवली. चहा पिऊन तो गेला तेव्हा पोरांच्या आंघोळीसुद्धा आटोपल्या नव्हत्या. एवढंच काम होतं ते. त्यानंतर त्या घरात एक उंदीर आला नाही. गवंडी या वेळी हसला नाही. बकरीचं त्यालाही कळलं होतं. जाताना त्यानं तारेपलीकडच्या रिकाम्या खुंट्याकडे बघितलं आणि मग ह्यांच्याकडे बघितलं, आणि हे पेपर वाचत होते.

अक्का माझ्याशी बोलायची बंद झाली असं नाही. ती बोलायची. "पाणी आलं का?" "लाइट गेली का तुमच्याकडची?" असं. पुस्तक मात्र पुन्हा कधी दिलं नाही, आणि मीही मागितलं नाही. मी वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचायला लागले. जोडाक्षरं त्यातूनच सुटत गेली. ओट्यावर बायका बसायच्या त्यात तिला कुणी बोलवेनासं झालं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आधी ती यायची, वाण घ्यायची, हसायची, त्या वर्षी तिला बोलावणंच गेलं नाही. बोलावणं माझ्याकडूनच जायचं होतं, पाळी आमच्या घराची होती. वर्षभरात मास्तरांनी बदली मागून घेतली आणि धुळ्याला गेले. सामान भरलेला टेम्पो गल्लीतून गेला तेव्हा मी खिडकीत होते. आता खिडकीत म्हणते, पण खिडकी नव्हती ती. ताट्या काढलेल्या कुलरच्या तोंडातून बघत होते मी.

मधे सात-आठ वर्षं गेली. सासूबाई गेल्या. माझ्या भाचीचं लग्न धुळ्याला निघालं. मी ह्यांना न सांगता एक दिवस आधी निघाले. एरंडोल, पारोळा करत एसटी धुळ्याला पोचेपर्यंत मी मनात वाक्यं जुळवत होते. देवपुरात विचारत विचारत घर सापडलं. छान घर होतं, पुढं कर्दळी लावलेल्या.

अक्कानं दार उघडलं. ओळखलं लगेच. "या, बसा," म्हणाली. केस पांढरे झाले होते. मुलगी शाळेच्या गणवेशात आतून आली, उंच, तरतरीत. अक्का तिला म्हणाली, "ह्या जळगावला आपल्या शेजारी होत्या." मावशी म्हणाली नाही. चहा आला, पोहे आले. सगळं नीट केलं तिनं, जसं कुणाही पाहुण्याचं करतात तसं.

मुलगी शाळेत गेल्यावर मी सांगितलं. वाक्यं जुळवलेली सगळी विसरले, आणि नुसतं म्हणाले, "अक्का, त्या दिवशी ते औषधच होतं. मी ठेवलं होतं."

ती कपबशी उचलत होती. उचलून ट्रेमध्ये ठेवली.

"मला त्याच दिवशी कळलं होतं," ती म्हणाली. "आमच्या आईच्या घरीही नाव घेत नाहीत त्याचं. उंदरांना ऐकू जातं म्हणून आम्हीही चाणीचंच नाव सांगतो. तुम्ही ‘चाणीला’ म्हणालात तेव्हा मी जरा थबकलेही होते. पण मला वाटलं, तसं काही असतं तर वहिनीनं मला खूण केली असती."

मी रडायला लागले. ती उठून माझ्याजवळ आली नाही, पाठीवर हात ठेवला नाही. रडून झालं तेव्हा म्हणाली, "मी जळगाव बकरीसाठी सोडलं नाही. आईनं दुसरी आणून दिली असती. मी खोटारडी झाले म्हणून सोडलं. गल्लीत पाय टाकला की बायका आपापसात बघायच्या. सरांना शाळेत विचारलं लोकांनी, तुमच्या मिसेसनं शेजाऱ्यांवर खोटा आळ घेतला म्हणे? आणि तुम्ही आज हे मला सांगताय. मला माहीतच होतं, वहिनी. मला सांगून काय उपयोग? ज्यांना माहीत नाही त्यांना सांगायला हवं होतं."

"सांगेन," मी म्हणाले. "परत गेले की सांगेन सगळ्यांना."

"सांगा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, अपेक्षाही नव्हती. दारापर्यंत सोडायला आली, एसटी स्टँडला रिक्षा कुठून मिळते ते सांगितलं.

मी सांगितलं. हे मला लिहायलाच हवं, नाही तर तुम्हाला वाटेल मी तेही केलं नाही. त्या संक्रांतीला आमच्याकडे हळदीकुंकू होतं. बायका तिळगूळ खात बसल्या होत्या. मी उभी राहिले आणि म्हणाले, "सरांच्या बाईंची बकरी मेली होती ना, ती आमच्या औषधानं मेली होती. ते मी ठेवलं होतं आणि सगळ्यांसमोर मी खोटं बोलले होते. बाई खऱ्या होत्या."

दोघी-तिघी तर गल्लीत नंतर राहायला आलेल्या, त्यांना काही माहीतच नव्हतं. एकीनं शेजारणीला विचारलं, "कोण सरांच्या बाई?" मग आमच्या समोरच्या जुन्या वहिनी, ज्या नळावर सगळ्यात जास्त बोलायच्या, त्या हसायलाच लागल्या. "अगं बाई, इतक्या वर्षांनी बकरी कुठून काढलीस? आम्हाला तेव्हाच कळलं होतं की तुमचंच काम आहे ते. उंदीर काय आमच्याकडे नव्हते? पण शेजारधर्म असतो ना, कोण बोलणार?"

बाकीच्याही हसल्या. नव्या आलेल्यांना कुणीतरी गोष्ट सांगायला लागली, आणि सांगताना बकरीनं मागच्या पायांवर उभं राहून गवत ओढायचं ती नक्कल करून दाखवली. मी स्वयंपाकघरात गेले आणि अजून कुणाला तिळगूळ हवाय का, ते विचारत बाहेर आले.